ग्वात नियोचं पितळी झाकण

कातोंगच्या किनाऱ्यावर सिम कुटुंबाच्या बंगल्यात पाहुणा आला, की आधी चहा यायचा, मग कुएहची, म्हणजे नारळ घातलेल्या गोड वड्यांची, बशी यायची, आणि मग यजमानांची धाकटी बहीण ग्वात नियो हिला दचकवलं जायचं.

यात कुणाला काही गैर वाटत नसे. ग्वात नियोला लाता होती. लाता म्हणजे आजार नव्हे, वेड तर नव्हेच. आमच्या किनाऱ्यावर दर दहा घरांमागे एक लातावाली बाई असायची, जसा दर दहा घरांमागे एक शिव्या देणारा काकाकुवा असायचा. अशी बाई दचकली, की समोरचा माणूस जे करत असेल तेच ती करू लागते. तो नाचला तर नाचते, शिंकला तर शिंकते, त्यानं डोक्यावर बशी ठेवली तर ही पातेलं ठेवते. भर ओसरला की हातरुमालानं तोंड झाकून आत पळते. आणि त्या भरात ती जे करील, बोलेल, फोडील, त्याचा दोष तिला द्यायचा नाही, हा पणज्यांच्या काळापासूनचा कायदा. ‘लाता झाली बिचारीला’ म्हणायचं, पानाच्या डब्यातला पहिला विडा तिच्या हातावर ठेवायचा, आणि फरशी पुसून घ्यायची.

ग्वात नियो सत्ताविसाव्या वर्षी विधवा होऊन मलाक्क्याहून भावाकडे आली, ती कापराच्या लाकडाची एक पेटी आणि ही लाता घेऊन. भाऊ केंग सून सज्जन माणूस होता. म्हणजे तो वर्तमानपत्र वाचायचा. घर चालवायची त्याची बायको. थोरल्या वहिनीला आम्ही एन्सो म्हणतो. पण या बाईला अख्खा किनाराच एन्सो म्हणे, तिचा नवरासुद्धा कधी कधी चुकून. एन्सो अंगानं रुंद. कमरेला चांदीचा पट्टा, पट्ट्याला घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या. ती येण्याआधी किल्ल्या यायच्या. किल्ल्या ऐकू आल्या की स्वयंपाकघरातली मांजरंसुद्धा कामात असल्यासारखी दिसू लागत.

बंगल्याच्या मागून पायऱ्या थेट समुद्रात उतरत. शार्क आत येऊ नयेत म्हणून पाण्यात खुंटांचं कुंपण होतं; आत पुरुष डुंबायचे. बायका फार तर घोट्यापर्यंत पाय भिजवायच्या, तेही इकडेतिकडे बघून.

चौदा सालातली एक सकाळ. ग्वात नियो पायरीवर बसून पातेलं घासत होती. खाली म्हातारा होडीवाला पाक देरामान होडी बांधत होता. त्याचं वल्हं निसटून वाहत चाललं, तशी त्यानं पाण्यात उडी घेतली. नेमकं त्याच क्षणी वरच्या ओट्यावरून एक पितळी झाकण घरंगळलं आणि ठण्‌ठण् करत एकेक पायरी उतरत आलं. ग्वात नियो दचकली. समोर देरामान उडी मारत होता. तिनंही मारली.

देरामान हात मारू लागला, तिनंही मारले. तो खुंटांच्या फटीतून बाहेर गेला, तीही गेली. त्यानं वल्हं पकडलं. तिनं नसलेलं वल्हं पकडलं. तो वळला, ती वळली. तो पायरीवर येऊन खोकला, तीही खोकली. तिच्या अंबाड्यातल्या तिन्ही पिना जागच्या जागी होत्या.

घरदार पोट धरून हसलं. केंग सूननं वर्तमानपत्र खाली ठेवलं, ही त्या घरातली मोठीच घटना. एन्सोनं स्वतः आल्याचं गरम पाणी करून दिलं. “लाता झाली गं बिचारीला! बुडाली असती म्हणजे? आम्ही मलाक्क्याला काय तोंड दाखवलं असतं?”

ग्वात नियोला मात्र एकच गोष्ट आठवत होती. पाण्याखाली कुणाचाच आवाज येत नाही. किल्ल्यांचासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती पायरीवर बसून काहीतरी पडायची वाट बघत राहिली. काही पडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिनं झाकण स्वतःच पाडलं. लबाडी नेमकी कुठं सुरू झाली ते माणसाला कळत नाही म्हणतात. ग्वात नियोला कळलं होतं: सकाळी सहा वाजता, डाव्या कोपरानं.

पाण्यातून ती वर आली तेव्हा देरामान पायरीवर बसला होता.

“बाई, आज झाकण जरा लवकर पडलं.”

“लाता झाली हो, पाक.”

“झाली ना, दिसलं मला. पण आज मी पाण्यात नव्हतो. मी इथं विडी ओढत होतो.”

ग्वात नियोनं लुंगीसारख्या नेसलेल्या ओल्या सारोंगचं टोक पिळलं. पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

“उद्यापासून मी पाण्यात उतरत जाईन,” देरामान म्हणाला. “नाहीतर वरून कुणी पाहिलं, तर तुला इथं बसून विडी ओढावी लागेल. आणि कुएह जरा नारळ जास्त घालून करत जा. मागच्या खेपेला कोरडे होते.”

असा तो करार झाला. रोज पहाटे झाकण पडे, देरामान पाण्यात उतरे, मागोमाग ग्वात नियो. पुढे देरामानचे गुडघे धरले. मग तो पायरीवर बसूनच दोन्ही हात फिरवायचा, आणि ती पाण्यात पोहायची. वरून पाहणाऱ्याला सगळं रीतसर दिसे: म्हातारा हात हलवतोय, बिचारी नक्कल करतेय. सारोंग काखेखाली घट्ट बांधून खाली कासोटा मारावा तसा खोचून घेतला, की फुग्यासारखा फुगत नाही, हे ती शिकली. श्वास कधी घ्यायचा, लाट अंगावर कशी घ्यायची, हे शिकली. दहा वर्षं. एवढ्या काळात तिच्यासारखं पोहणारी बाई त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती, आणि हे माहीत असलेला माणूस एकच होता, तोही विडी ओढत बसलेला.

पण हाती असं झाकण लागलं, की माणूस ते नुसतं पोहण्यापुरतं वापरत नाही. एन्सोचा भाऊ चिन आठ दिवसांसाठी आला आणि सात महिने राहिला. एका दुपारी मोलकरीण तांदळाचं धुवण अंगणात फेकत होती. मांजरानं उडी मारली. ग्वात नियो दचकली आणि हातातलं कोळंबीचं कालवण तिनं तस्संच्या तस्सं फेकलं. समोर चिन पांढऱ्या सुटात बसला होता. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. मग एन्सोनं ग्वात नियोसाठी एका साठीच्या विधुराला चहाला बोलावलं. चहाचा पेला कुणाच्या तरी हातून फुटला आणि हिला लाता झाली. विधुर खाकरला, ही खाकरली. त्यानं गुडघा चोळला, हिनं चोळला. त्यानं कवळी बसवली, हिनंही तोंडात बोट घातलं. अर्ध्या तासात तो पायताण विसरून पळाला.

“लाता झाली बिचारीला,” एन्सो दात खात म्हणाली आणि विडा पुढे केला. कायदा तो कायदा.

चोवीस साली किनाऱ्यावरच्या जलविहार मंडळानं जाहीर केलं, की यंदा वार्षिक शर्यतींत बायकांचीही एक शर्यत होईल. धक्क्यापासून कोळ्यांच्या खांबाला वळसा घालून परत. पहिल्या आलेल्या बाईचं नाव मंडळाच्या सागवानी फळ्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं जाईल.

ग्वात नियो एकदा मंडळात कुएह पोचवायला गेली असताना तिनं तो फळा पाहिला होता. पुरुषांची नावं ओळीनं, आणि खाली रिकामी जागा. तिचं नाव तोवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याच्या थडग्यावर त्याचं होतं. भावाच्या दारावर भावाचं. कुएहच्या डब्यांवरसुद्धा ‘एन्सो’ असं लिहिलेलं असे. ती त्या रिकाम्या जागेकडे इतका वेळ बघत राहिली, की शिपायानं विचारलं, “बिबिक मावशी, काही सांडलं का?”

देरामानला हे तिनं सांगितलं, आणि देरामाननं ते मंडळाचे अध्यक्ष ओंग यांना जाऊन सांगितलं. “या किनाऱ्यावर सगळ्यांत वेगात पोहणारी बाई सिमांच्या घरी भांडी घासते, साहेब.”

अध्यक्ष ओंग गळ्याला बो बांधायचे, खिशात दोन घड्याळं ठेवायचे, आणि नियम या गोष्टीवर त्यांचं बायकोपेक्षा जास्त प्रेम होतं. अर्ज घेऊन ते स्वतः आले.

“पण तिला लाता आहे,” केंग सून वर्तमानपत्राआडून म्हणाला.

“हो का?” ओंग म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आनंद चमकला. नियमांत न बसणारी गोष्ट सापडली होती. “मग समिती बोलवावी लागेल.”

समिती बसली. चिटणीस चिया यांची एकोणीस वर्षांची मुलगी रोझी शर्यतीत होती. ती मिशनच्या शाळेत शिकलेली. तिचा पोहण्याचा पोशाख आगबोटीनं आला होता. त्यामुळे चिया आधीच उभे होते.

“समजा, ही बाई जिंकली. पण ती पोहली का? नाही. ती त्या देरामानची नक्कल करते. मग जिंकलं कोण? देरामान!”

“देरामान सभासद नाही,” ओंग म्हणाले.

“शिवाय तो पुरुष आहे,” कुणीतरी म्हणालं.

“शिवाय,” खजिनदार म्हणाले, “तो त्या वेळी पायरीवर बसलेला असतो. बसलेल्या माणसाला पहिला नंबर देता येतो का, हे नियमात पाहावं लागेल.”

पाहिलं. नियमात नव्हतं. मग तीन तास चर्चा झाली, दोन किटल्या चहा संपला, आणि ठराव झाला. लातावालीला नक्कल करायला काही मिळालंच नाही आणि तरी ती पोहली, तर ते पोहणं तिचं स्वतःचं. म्हणून देरामानला मंडळाच्या कोठीत भिंतीकडे तोंड करून बसवावं. आणि पिस्तुलाचा बार झाल्यापासून शर्यत संपेपर्यंत किनाऱ्यावर कुणीही हालू नये. धक्क्यावर पाटी लागली: ‘पंखा हलवू नये. पान चघळू नये. टाळ्या वाजवू नयेत. टोपी उडाल्यास उडू द्यावी.’

पाटी वाचून एन्सो घरी आली. आधी किल्ल्या आल्या, मग ती. ग्वात नियो खलबत्त्यात मिरच्या आणि बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी, कुटत होती. एन्सो समोर पाटावर बसली. ती सहसा पाटावर बसत नसे.

“मी विचार करत होते,” ती म्हणाली.

ग्वात नियो कुटत राहिली.

“कुणी हालत नसताना तू पोहलीस, म्हणजे तू स्वतः पोहलीस. बरोबर?”

“समिती तसं म्हणते, एन्सो.”

“आणि स्वतः पोहता येतं, म्हणजे गेली दहा वर्षं तू स्वतःच पोहत होतीस. आणि पोहणं जर लाता नव्हतं... तर मग चिनच्या अंगावरचं कालवण काय होतं गं?”

बत्ता थांबला.

“मी काही तीन तास काथ्याकूट करायला समिती नाही,” एन्सो म्हणाली, “पण मला दोन आणि दोन चार कळतात. परवा तू पोहलीस, तर दहा वर्षांचं सगळं तुझ्यावर धरीन. पेटी बांधीन आणि मलाक्क्याला दिराकडे धाडीन. समुद्र तिथून दोन मैल. अंगणात विहीर आहे. विहिरीत पोह, गोल गोल.”

“एन्सो...”

“ऐक आधी. मी काही कैदाशीण नाही.” तिनं बत्ता ग्वात नियोच्या हातातून घेतला. “बार झाला की मी हा असा हात करीन. कुटल्यासारखा. मला कोण बोलणार आहे? तूही केलास, की झालं. लाता खरी, सगळं माफ. पहिला विडा तुझा. रोज सकाळी झाकण पाड नाहीतर हंडा पाड, मी विचारणार नाही.”

ती उठून गेली. ग्वात नियोला आणखी एका गोष्टीची भीती होती, ती एन्सोला माहीत नव्हती. लाता सगळीच खोटी नव्हती. पिस्तुलाचा बार काही कोपरानं पाडलेलं झाकण नव्हे. आपण खरंच दचकलो तर? एन्सोचा हात खरंच दिसला तर? मग ती कुटणार, आणि या वेळी तिला खरंच काही करता येणार नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी किनाऱ्यावर चारशे माणसं जमली. धक्क्यावर रोझी चिया आणि तिच्या दोन मैत्रिणी नव्या पोशाखात. त्यांच्या शेजारी अडतीस वर्षांची ग्वात नियो, काखेखाली बांधलेला तपकिरी सारोंग, खोचलेला कासोटा, अंबाड्यात तीन पिना.

“बिबिक, थंडी वाजतेय का? थरथरताय,” रोझीनं हळूच विचारलं. पोरगी चांगली होती.

“नाही गं. आवाजाची भीती वाटते.”

अध्यक्ष ओंग यांनी दोन्ही घड्याळं काढली, पिस्तूल वर केलं आणि ओरडले, “स्तब्ध!”

चारशे माणसं थिजली. एकाचा घास तोंडापाशी राहिला. एक गृहस्थ बायकोवर ओरडत होते, ते तोंड उघडं ठेवून राहिले. कोठीत देरामान भिंतीकडे तोंड करून विडी न ओढता बसला. आणि पहिल्या रांगेत, वेताच्या खुर्चीत, एन्सोनं उजवा हात गुडघ्यावरून उचलला.

बार झाला.

ग्वात नियो दचकली. मनापासून दचकली, पायाच्या नखापासून पिनांपर्यंत. त्या पुतळ्यांच्या किनाऱ्यावर फक्त एक गोष्ट हालत होती, एन्सोचा हात, वर, खाली, वर, खाली. ग्वात नियोचा उजवा हात आपोआप वर गेला, मूठ वळलेली, बत्ता धरल्यासारखी. बाकी तिघी पाण्यात पडल्याचा आवाज तिनं ऐकला. किनाऱ्यावर कुणी ‘अरेरे’सुद्धा म्हणालं नाही, परवानगी नव्हती.

हात वर होता. आता तो खाली यायचा होता, खलबत्त्यात. खालच्या बाजूला खलबत्ता नव्हता. पाणी होतं. ग्वात नियोनं मूठ उघडली, आणि हात पुढे येऊ दिला, आणि हातामागून स्वतः गेली.

पहिल्या वीस हातांत तिनं दोघी मैत्रिणींना मागं टाकलं. रोझी पुढे होती, खांबाला वळसा घालत होती. पण वळताना रोझीनं किनाऱ्याकडे पाहिलं. चारशे माणसं, एकही जण हालत नाही, एकही जण ओरडत नाही, सगळ्यांचे डोळे तिच्या मागच्या पाण्याकडे. माणसं अशी कधी बघतात? शार्क आल्यावर.

“काय झालं?” ती पाण्यातच ओरडली. “बिबिक! माझ्या मागं काय आहे?”

“मी आहे,” ग्वात नियो तिच्या शेजारून म्हणाली. “दुसरं काही नाही. पोह, बाळ, पोह.”

दोघी बरोबरीनं निघाल्या. किनाऱ्यावर कुणाची तरी टोपी उडाली आणि नियमाप्रमाणे उडू दिली गेली. चिटणीस चियांच्या नाकावर माशी बसली. मुलीला हाका मारायच्या सोडून ते माशीकडे बघत राहिले. एन्सो कुटत होती. थांबणं हीसुद्धा हालचालच, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं होतं, त्यामुळे ती कुटतच राहिली, घाम फुटला तरी.

ग्वात नियोचा हात धक्क्याला आधी लागला. रोझीचा त्यानंतर, एका श्वासानं.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हाललंच नाही. अध्यक्ष ओंग घड्याळांकडे टक लावून उभे होते. शर्यत संपली की ‘मोकळे’ म्हणायचं, हे ठरावात लिहायचं राहिलं होतं. ग्वात नियो पायऱ्या चढून वर आली. चारशे पुतळ्यांसमोर उभी राहून तिनं सारोंग पिळला. या वेळी त्यात पुष्कळ पाणी होतं.

“ओंगसाहेब,” ती म्हणाली, “झालं की.”

“मोकळे!” ओंग ओरडले, आणि किनारा एकदम फुटला.

चियांनी माशी उडवली आणि धावत आले. “हरकत! तिनं सुरुवातीला हात वर केला होता! वहिनीची नक्कल!”

“पोहताना हात वर करावाच लागतो, चिया,” ओंग म्हणाले. “तो वर ठेवूनच ती पोहली असती, तर मी तुमचं ऐकलं असतं.”

पण तोवर एन्सो उठली होती. किल्ल्या वाजल्या आणि चारशे माणसं पुन्हा गप्प झाली, या वेळी ठरावाशिवाय. तिचा उजवा हात अजून दुखत होता. तिनं डावा उचलला आणि एकेक बोट मोजू लागली.

“चिनच्या अंगावरचं कालवण?”

ग्वात नियोच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. “मी टाकलं, एन्सो.”

“तो विधुर?”

“मीच. कवळीचं जरा जास्त झालं.”

“माझ्या आईच्या साठीला, गाणं चालू असताना तू कोंबड्यासारखी आरवलीस?”

“मीच. दोन तास गात होत्या.”

“पत्त्यांच्या डावात पाट उलटा केलास?”

“मीच. पण तेव्हा तू हरत होतीस.”

हे एन्सोच्या मोजणीत नव्हतं. “आणि ती निळी बरणी? माझ्या माहेरची?”

“ती खरी लाता होती,” ग्वात नियो म्हणाली. “देवाशपथ. त्या बरणीसाठी मी दोन दिवस रडले होते.”

गर्दीतून कुणीतरी हसलं, मग दुसरं, आणि मग किनाराभर हसू पसरलं. फक्त त्या दोघी हसत नव्हत्या. “पेटी बांधते,” एन्सो म्हणाली आणि निघाली. केंग सून मागोमाग गेला. जाता जाता त्यानं वळून बहिणीकडे पाहिलं, आणि काखेतलं वर्तमानपत्र तिला अंग पुसायला दिलं.

ओंगनी दौत उघडली. “फळ्यासाठी नाव. सौभाग्यवती, अं, कै. यजमानांचं नाव?”

“ते पोहत नव्हते,” ग्वात नियो म्हणाली. “सिम ग्वात नियो लिहा.”

तीन दिवस एन्सो बोलली नाही. पेटी पुढच्या दाराशी बांधून ठेवलेली होती, दोरीला तीन गाठी. मलाक्क्याला पत्र लिहायचं होतं, पण शाई संपली होती. मग शाई आली तर टाक सापडेना. पानाचा डबा जेवणानंतर पाटावर यायचा, पण ग्वात नियोच्या हातावर कुणी विडा ठेवत नव्हतं. आता तिला दचकवायलाही कुणी येत नव्हतं. पाहुणे चहा प्यायचे, कुएह खायचे, आणि काय करावं न कळून घरी जायचे.

चौथ्या दिवशी पहाटे ग्वात नियो पायरीवर आली. झाकण घेतलं नव्हतं. आता गरज नव्हती. उद्या कदाचित विहीर, तर आज शेवटचा समुद्र. देरामान खालच्या पायरीवर विडी पेटवत होता. सवयीनं त्यानं दोन्ही हात उचलले, मग आठवून खाली ठेवले.

मागून किल्ल्या आल्या नाहीत. एन्सोच आली. कमरेला पट्टा नव्हता. काखेखाली सारोंग बांधलेला, नवा कोरा, कासोटा उलट्या बाजूला खोचलेला. हातात पितळी झाकण होतं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“हेच ना ते?” एन्सोनं विचारलं.

“हेच.”

“जड आहे गं.” तिनं एकदा वर बंगल्याच्या खिडक्यांकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. “तिकडं खाली... काही ऐकू येत नाही म्हणतेस ते खरं?”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“तूच. बरणी फुटली त्या दिवशी, लाता झालेली असताना. पाण्याखाली किल्ल्यासुद्धा ऐकू येत नाहीत, एवढंच बोललीस तेव्हा. मी कुणाला सांगितलं नाही.” तिनं झाकण ग्वात नियोच्या हातात कोंबलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. “हं. पाड. जोरात पाड, मला सहज दचकायला होत नाही. आणि पेटी सोडून ठेव आत, दारात पाय अडकतो सगळ्यांचा.”

देरामाननं दोघींकडे पाहिलं, नीट पेटलेली विडी विझवली आणि कानामागं ठेवली.

“अल्ला,” तो म्हणाला, “एकीला दहा वर्षं पोहवली. हिला तर आधी कासोटा शिकवावा लागेल.” आणि त्यानं दोन्ही हात उचलले.